डोंगरी चकमकी रायफल घडवताना : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगरांत, म्हणजे पूर्व टेनेसी, पश्चिम नॉर्थ कॅरोलिना आणि लगतचा व्हर्जिनिया-जॉर्जियाचा पट्टा, ठासणीच्या चकमकी रायफलीची एक स्वतंत्र घडण रुजली. लोखंडी साज (लाकडी दस्त्यावरचे धातूचे भाग), बारीक अंग, नक्षी जवळजवळ नाहीच. हीच घडण आज स्वतःच्या हातांनी उतरवणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियाची रायफल आणि दक्षिणेची डोंगरी रायफल यांत नेमका फरक काय? पहिल्यांदाच करणाऱ्याने डोंगरी घ्यावी का? कोरीव काम नसल्यामुळे ती सोपी जाईल असे वाटते.

उत्तर : दोघींचे मूळ एकच. जर्मन कारागिरांनी आणलेली आखूड, मोठ्या तोंडाची येगर रायफल अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात लांब आणि बारीक होत गेली. तिथून ही कला दरीखोऱ्यांतून दक्षिणेला उतरली. लँकेस्टरच्या रायफलीवर पितळी साज, दस्त्याच्या उजव्या अंगाला बिजागरीचे पितळी झाकण असलेली पेटी आणि गालाकडच्या बाजूला उठावाचे कोरीव काम असते. डोंगरात साज गावच्या लोहाराच्या भट्टीत लोखंडाचा बनला. पेटीच्या जागी बहुतेक वेळा चरबी ठेवायचा एक गोल खळगा, नाहीतर केळ्याच्या आकाराचे अरुंद लोखंडी झाकण. नळीच्या मागची शेपूट मनगटावरून लांबवर, काही रायफलींत थेट कोमपर्यंत गेलेली. (दस्त्याची गालाखालची वरची कड ती कोम, आणि पंजा जिथे धरतो तो बारीक भाग ते मनगट.) टेनेसीतल्या जोन्सबरोचे बीन घराणे आणि नॉर्थ कॅरोलिनातले गिलेस्पी घराणे ही या घडणीतली दोन मोठी नावे.

सोपी म्हणाल तर आमचे मत उलट आहे. कोरीव काम नसले की नजर थेट रेषेवर जाते. कोमची कड, मनगटाचा उतार, खालची बटप्लेटपासून (दस्त्याच्या मागच्या टोकावरची, खांद्याला टेकणारी पट्टी) चापाच्या कडीपर्यंतची रेघ, यांत कुठे फुगवटा राहिला तर झाकायला काही नाही. तरीही पहिल्या कामासाठी आम्ही हीच सुचवू, कारण ती रेषा शिकवते आणि लोखंडावरची कानस चुकली तर सावरता येते.

एक सावधगिरी. ७ ऑक्टोबर १७८० च्या किंग्ज माउंटनच्या लढाईत डोंगरापलीकडचे लोक रायफली घेऊन उतरले, म्हणून 'किंग्ज माउंटनची रायफल' म्हणून अनेकजण लोखंडी साजाची, केळ्याच्या पेटीची रायफल करायला घेतात. ती ओळखीची घडण पक्की झाली ती त्या लढाईनंतर, मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत. १७८० ची हवी असेल तर दस्ता जाड, बटप्लेट रुंद आणि सपाट, आणि साज बहुधा पितळी धरा. १८१५-१८३० ची हवी असेल तरच बारीक अंग, खोल चंद्रकोरी बटप्लेट आणि चकमकीच्या शेवटच्या काळातल्या इंग्लिश पद्धतीचे लॉक (चकमकीने ठिणगी पाडून दारू पेटवणारी कळ). त्या काळच्या दक्षिणी रायफलींवर इंग्लंडहून आलेली तयार लॉक सर्रास बसवली जात. काळ एकदा ठरवा आणि मग प्रत्येक भाग त्याच काळाचा घ्या.

प्रश्न : लाकूड अक्रोड घ्यावे की मेपल? लहरी रेषांचे मेपल सुंदर दिसते, पण महाग आहे.

उत्तर : डोंगरात दोन्ही वापरली गेली, काळा अक्रोडही आणि मेपलही. लहरींपेक्षा मनगटातून जाणारा रेषांचा प्रवाह आधी बघा. दस्ता मोडतो तो मनगटातच. रेषा कोमकडून चापाकडे तिरक्या खाली उतरत असतील तर त्या फळीला हात लावू नका, मग ती कितीही लहरी असो. रेषा मनगटाच्या वाकाला धरून जायला हव्यात. मेपल घेतलात तर कठीण जातीचे, साखर मेपल, किंवा घट्ट वाढीचे लाल मेपल. बोटाच्या नखाने सहज खूण पडते ते लाकूड कडा धरत नाही. लॉकच्या खोबणीची धार ठिसूळ होऊन तुटते. फळी आणल्यावर कामाच्या खोलीत काही आठवडे राहू द्या. ओल्या फळीत घट्ट बसवलेली नळी नंतर सैल होते, आणि कोरड्या फळीतले लॉक पावसाळी हवेत अडकते.

प्रश्न : नळी घरी बनवता येईल का? लांबी आणि तोंड किती ठेवावे?

उत्तर : नळी विकतच घ्या, ठासणीच्या काळ्या दारूसाठीच बनवलेली, नामांकित कारखान्याची. जुने कारागीर लोखंडाची पट्टी साच्यावर गुंडाळून सांधत. ती कला वेगळी आहे आणि तिच्यातली चूक हातात फुटते. जुनी पाइप, यंत्राचा दांडा असे काही वापरायचा विचारही नको.

डोंगरी घडणीला ४२ किंवा ४४ इंच लांबी शोभते, तोंड (नळीचा आतला व्यास) ०.३६ ते ०.४५ इंच. आम्ही ०.४० सुचवतो: सरळ अष्टकोनी नळी १३/१६ इंचाची घेतली तर भिंत ०.२ इंचाच्या आसपास राहते, आणि हातात वजन पुढे ओढत नाही. ०.४५ किंवा ०.५० हवी असेल तर ७/८ इंचाची घ्या. नळीच्या खाली पिना ओवायचे लोखंडी तुकडे आणि वर नेम धरायची माशी बसवायला ज्या खाचा पाडाल त्यांची खोली ०.०५ इंचाच्या आतच ठेवा. मधे निमुळती असलेली नळी असेल तर कंबरेपाशी आणखी उथळ. नळीवर वेल्डिंग किंवा पितळेचा सांधा करू नका.

ब्रीच प्लग (नळीचे मागचे टोक, म्हणजे ब्रीच, बंद करणारा स्क्रू) कारखान्यातूनच बसून येत असेल तर तो उगाच काढू नका. स्वतः बसवणार असाल तर प्लगचा पुढचा चेहरा आतल्या खांद्यावर पूर्ण टेकलाच पाहिजे. चेहऱ्यावर निळा रंग लावून आवळा, काढून बघा. कडेला सलग वर्तुळ उमटले नसेल तर अजून घासायचे आहे. तिथे पोकळी राहिली की जळलेल्या दारूची घाण साचते, तिथूनच गंज सुरू होतो, आणि पेटता निखारा त्या कोपऱ्यात लपून पुढच्या भरणीला दगा देऊ शकतो.

प्रश्न : कुठून सुरुवात करायची? एका ठिकाणी आधी लॉक बसवा असे वाचले, दुसरीकडे आधी बटप्लेट.

उत्तर : आधी नळी. त्यानंतर जे काही येते ते नळीच्या मागच्या टोकावरून मोजले जाते, म्हणून नळी पूर्ण खाली बसून मागे टेकेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावू नये.

नळी खाली बसताना ब्रीचचे मागचे तोंड लाकडाच्या खांद्यावर सपाट टेकायला हवे. गोळी सुटताना मागे येणारा धक्का त्या खांद्याने घ्यायचा आहे. शेपटीचे मागचे टोक मात्र केसभर मोकळे ठेवा. लांब शेपटीच्या डोंगरी रायफलीत ही चूक वरचेवर होते: शेपूट सुबक घट्ट बसते, ब्रीचमागे मात्र फट राहते, आणि प्रत्येक धक्का त्या शेपटीच्या टोकावर पडून मनगट उभे चिरते. शेपूट आधी मनगटाच्या वाकाला वाकवून घ्या, कडांना खालच्या बाजूला किंचित उतार द्या, आणि ब्रीचकडून मागे मागे सरकत बसवा.

मग गजाची (गोळी ठासायच्या काठीची) नाळ. पुढच्या दस्त्याखाली उघडी खोबण पाडून झाली की तिथून मागे आंधळे छिद्र जाते आणि सगळ्यांची धाकधूक तिथेच असते. ०.४० ला ५/१६ किंवा ३/८ इंचाचा गज. नळीचा तळ आणि गजाचे छिद्र यांच्या मधे ब्रीचकडे १/८ ते ३/१६ इंच लाकूड हवे. लांब ड्रिल लाकडाच्या रेषेच्या मागे जाते, म्हणून खोबणीवर मार्गदर्शक ठोकळा घट्ट आवळा, दर दोन इंचांनी ड्रिल बाहेर काढून भुसा साफ करा, आणि नळीच्या खोबणीतून १/१६ इंचाची तपासणीची छिद्रे पाडून तार घालून खोली मोजत राहा. ती छिद्रे नळीखाली कायमची झाकली जातात, त्यामुळे कंजूषी करू नका. छिद्र वर जाऊन नळीच्या खोबणीत किंचित फुटले तर फारसे बिघडत नाही. ते खाली गेले तर मात्र दस्त्याचे पोट जाड ठेवावे लागते, आणि नवख्याच्या कामात दुरून पहिल्यांदा नजरेत भरते ते हे पोटच.

प्रश्न : लॉकची जागा नेमकी कशी ठरवायची? कानाचे छिद्र (नळीच्या अंगातले, ज्यातून आग आत जाते) प्याल्याच्या (लॉकवरच्या वाटीच्या) पुढे गेले आहे.

उत्तर : तुमच्याकडे लॉक आधी बसले आणि कान नंतर पडला, म्हणून हे झाले. क्रम उलटा असतो. नळीच्या तोंडातून गज खाली टेकवून, बाहेर मोजून ब्रीच प्लगचा चेहरा नेमका कुठे आहे ते काढा आणि नळीच्या उजव्या अंगावर उभी रेघ मारा. त्या रेघेच्या जरासे पुढे, छिद्राच्या अर्ध्या रुंदीपेक्षा थोडे जास्त अंतर सोडून, कानाचे केंद्र. आता लॉक धरायचे ते असे की रंजकाच्या (आधी पेटणाऱ्या चिमूटभर दारूच्या) प्याल्याचा मध्य त्या केंद्रावर यावा, आणि प्याल्यामागची भिंत नळीच्या मागच्या टोकाशी जुळावी. उंचीत कानाचे केंद्र प्याल्याच्या वरच्या कडेच्या रेषेत. प्लग अर्ध्या इंचाचा असतो तेव्हा बहुतेक लॉक हे सगळे एकदम जुळवू देते. प्लग लांब असेल तर दोन्ही जुळत नाहीत. तेव्हा कानाला प्राधान्य द्या आणि भिंत थोडी पुढे जाऊ द्या.

तुमच्या बाबतीत छिद्र किती पुढे आहे यावर उपाय ठरेल. प्याल्याच्या आतच पण पुढच्या कडेकडे असेल तर चालते, पेट थोडा उशिरा घेईल एवढेच. पूर्ण बाहेर असेल तर लॉकची खोबण पुढे सरकवून मागे तुकडा डकवावा लागेल. जुन्या छिद्रावर नुसता स्क्रू ठोकून बाजूला नवीन छिद्र पाडण्याच्या फंदात पडू नका. नळीचे ते काम ज्याला येते त्याच्याकडेच द्या.

प्रश्न : लॉक हातात घेऊन बघितले की उत्तम चालते. दस्त्यात बसवून स्क्रू आवळले की अर्ध्या घोड्यावर थांबत नाही. काय बिघडले?

उत्तर : लॉक निर्दोष आहे, लाकूड किंवा चाप कुठेतरी त्याला अडवतो आहे. आणि हे सुटेपर्यंत रायफल भरू नका. अर्ध्या घोड्याची खाच (घोडा अर्धवट मागे धरून ठेवणारी) हीच या लॉकमधली एकमेव सुरक्षा.

आधी चाप काढून टाका आणि पुन्हा लॉक बसवून बघा. आता थांबत असेल तर दोष चापाचा: त्याचे पाते सीअरच्या (घोडा अडवून धरणाऱ्या खिटीच्या) दांडीला विश्रांतीतही वर ढकलते आहे. पात्याची वरची कड कानसीने कमी करा, इतकी की लॉक अर्ध्यावर असताना पात्यात आणि दांडीत कागदाएवढी फट राहील.

चाप काढूनही थांबत नसेल तर सीअर लाकडाला टेकतो आहे. दांडीला काजळी लावा, लॉक बसवा, घोडा दोनचार वेळा मागेपुढे करा, काढा. दांडीसाठी पाडलेल्या छिद्रात काळे कुठे उमटले ते बघून तेवढेच खरवडा. दांडीभोवती सगळीकडून, विशेषतः वर, १/१६ इंच मोकळे हवे. सीअरची कमान आणि मुख्य कमान यांचीही तीच परीक्षा. मुख्य कमानीचा खालचा दांडा घोडा पडताना खाली येतो. तिथे लाकूड लागत असेल तर घोडा आळशी होतो, पण हातात घेऊन चाचणी केली तर कळत नाही.

हे टाळायचे तर लॉक बसवायचा क्रम पाळा. सगळे आतले भाग काढून फक्त प्लेट आधी बसवा, प्याल्याशेजारची जाडी नळीच्या सपाट अंगाला घट्ट भिडेपर्यंत. तिथे फट राहिली तर रंजक आत गळते, लाकूड जळते आणि कानाजवळचा दस्ता कोळसा होत जातो. प्लेटच्या कडांना अगदी किंचित उतार द्या, म्हणजे ती खाली जाता जाता घट्ट होते. मग टंबलर (घोड्याबरोबर फिरणारा खाचांचा भाग) आणि त्याचा पूल, मग सीअर, मग सीअरची कमान, शेवटी मुख्य कमान. प्रत्येकाला स्वतःची जागा, तळाला सपाट. सगळे एकदम पोकळ काढून टाकले तर काम पटकन होते, पण मनगटाजवळचे लाकूड जाते आणि लॉकला आधार राहत नाही.

लॉकचा मागचा स्क्रू ब्रीच प्लगच्या मागून, शेपटीखालून जातो. पुढचा स्क्रू नळी आणि गज यांच्या मधल्या त्या १/८ इंचातून. तो थोडा वर गेला तर नळीच्या खालच्या सपाट अंगाला बारीक खाच देता येते, म्हणून गजाचे छिद्र आधी आणि नीट मोजून पाडलेले असणे इथे कामी येते. स्क्रू डोके बुडेपर्यंत पिळायचे नाहीत. जास्त आवळले की प्लेट वाकते आणि आतले सगळे अडू लागते. उन्हाळ्यात ठीक आणि दमट हवेत न थांबणाऱ्या लॉकचे कारणही हेच: लाकूड फुगते. खोबणीच्या आत तेलाचा पातळ थर दिला तर फरक पडतो.

प्रश्न : दोन चापांची जोडी बसवली आहे. मागचा चाप ओढून पुढचा दाबला की घोडा सुटतो, पण कधी कधी मधेच अर्ध्या खाचेत अडकतो.

उत्तर : टंबलरमध्ये एक चिमुकली हलती पाकळी असावी लागते. ती सीअरच्या नाकाला अर्ध्या खाचेवरून सरकवून नेते. साध्या चापासाठी बनलेल्या लॉकमध्ये ती नसते, आणि दोन चापांचा फटका इतका क्षणिक असतो की सीअर लगेच परत खाली येऊन खाचेत शिरतो. बोट साध्या चापावर दाबूनच असते म्हणून तिथे हे होत नाही. तुमच्या लॉकमध्ये पाकळी असूनही अडकत असेल तर ती घाणीने चिकटली आहे, किंवा चाप सीअरवर पुरेसा जोरात आदळत नाही. चापाच्या कमानीचा स्क्रू थोडा आवळून बघा. पाकळी नसेल तर लॉक बदला. खाच घासून टाकणे हा उपाय नाही, ती सुरक्षेची खाच आहे.

प्रश्न : ठिणग्या अगदीच कमी पडतात. चकमक बदलली, तरी तेच.

उत्तर : ठिणगी म्हणजे चकमकीने फ्रिझनवरून (प्याल्यावरच्या पोलादी झाकणावरून) खरवडलेला पोलादाचा पेटता कण. चकमक धारदार हवी आणि फ्रिझन कडक हवे. फ्रिझनच्या चेहऱ्यावर कानस फिरवा. घसरत असेल तर कडक आहे, चावत असेल तर मऊ. मऊ फ्रिझनवर चकमकीच्या खोल चऱ्या दिसतात आणि ठिणग्या लालसर, मेलेल्या पडतात.

फ्रिझन कडक निघाले तर बसवणी बघा. चकमक चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून घोड्याच्या जबड्यात घट्ट, आणि तिची धार फ्रिझनच्या पूर्ण रुंदीला समांतर. ती चेहऱ्याच्या तळापासून निम्म्या ते दोनतृतीयांश उंचीवर आदळावी आणि खाली खरवडत येऊन शेवटी तिचे टोक प्याल्याच्या मध्याकडे रोखलेले असावे. वर आदळली तर फ्रिझन आधीच उघडते आणि खरवड होतच नाही. काही चकमकींत उताराची बाजू वर ठेवली तर बरे चालते, काहींत खाली. दोन्ही करून बघा. ही चाचणी रिकाम्या प्याल्याने आणि रिकाम्या नळीने करायची.

फ्रिझन मऊ असेल आणि ते जास्त कार्बनच्या पोलादाचे असेल तर त्याला पुन्हा पाणी द्या. चुंबक चिकटेनासे होईल त्याच्या किंचित वर तापवा आणि कोमट तेलात बुडवा. साध्या पाण्यात बुडवाल तर तडा जाण्याची भीती. लगेच साफ करून १९० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवा, म्हणजे ठिसूळपणा उतरतो. मग चेहरा पाण्यात बुडवून ठेवून फक्त बिजागरीकडचा भाग निळा होईपर्यंत तापवा, नाहीतर ते कोपऱ्यातच तुटेल. पाणी दिल्यावर झाकण थोडे वाकते; प्याल्यावर पुन्हा बसते का ते पाहा. उजेडात धरल्यावर फट दिसली तर रंजक दमट होते. कमी कार्बनचे लोखंड असेल तर हे सगळे वाया जाईल. तिथे चेहऱ्यावर पोलादाचा पातळ तुकडा बसवणे हाच जुना इलाज.

प्रश्न : रंजक पेटते, पण गोळी सुटायला क्षणभर जातो.

उत्तर : कान प्याल्याच्या कडेखाली असेल तर रंजक वातीसारखे जळत जाऊन आत पोचते, आणि तेवढा वेळ जातो. कानासमोर रंजक रचून ठेवू नका. थोडेसे, प्याल्याच्या बाहेरच्या बाजूला. त्याची झळ छिद्रातून जायला हवी. छिद्र १/१६ इंचापासून सुरू करा, गरज पडली तर ५/६४ पर्यंत. त्यापुढे जाऊ नका, दाब बाहेर जातो. आतून शंकूसारखे रुंद केलेले कानाचे तयार नळकांडे बसवले तर मधली वाट आखूड होते आणि पेट लगेच घेतो. प्रत्येक बारानंतर तारेने छिद्र मोकळे करा. दारू काळीच वापरा, मुख्य भरणीत तीन एफची (बारीक दाण्याची) आणि प्याल्यात चार एफची (आणखी बारीक). काळ्या दारूच्या बदली विकल्या जाणाऱ्या पावडरी पेट घ्यायला जास्त उष्णता मागतात, चकमकीच्या लॉकमध्ये त्या दगा देतात. धूररहित दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही नाही, नळी फुटते.

प्रश्न : लोखंडी चापकडी आणि बटप्लेट स्वतः बनवायची आहे. भट्टी छोटी आहे.

उत्तर : छोटी पुरेल. चापाभोवतीची कडी एका पट्टीतून वाकवू नका. पुढचे निमुळते टोक आणि कडीचा गोल भाग १/८ इंच जाड मऊ लोखंडाच्या एका पट्टीचा, मागची बोटे टेकायची लांब दांडी दुसऱ्या पट्टीची. रिव्हेट मारून पितळेने सांधा. बटप्लेटचेही दोन तुकडे, एक चंद्रकोर आणि एक वर कोमकडे वळणारे टोक, टाचेपाशी पितळेने जोडलेले. सांध्याची पिवळी रेघ दिसली तर ती जुन्या कामाशी इमान राखणारीच आहे, लपवायची गरज नाही. तापलेले लोखंड लाकडावर दाबून बसवण्याचा मोह टाळा. जळलेला थर नंतर झडतो आणि फट उघडते. काजळी आणि पटाशीनेच बसवा.

रंग गंजाचा. तेलकटपणा पूर्ण काढून गंजाचे द्रावण एकदाच पातळ पुसा आणि दमट पेटीत ठेवा. बारीक केशरी लव आली की खडबडीत कापडाने घासा आणि पुन्हा पुसा. असे पाच-सहा वेळा. डाग डाग आले तर बोटांचे तेल लागले आहे. तोच गंज उकळत्या पाण्यात घातला की काळा होतो, तेव्हा तांबूस हवा असेल तर उकळू नका. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन तेल लावा, नाहीतर गंज थांबत नाही.

प्रश्न : मेपलवर लोखंड विरघळवलेले नायट्रिक आम्ल लावले, पण दस्ता हिरवट राहिला.

उत्तर : उष्णता कमी पडली. आम्ल वाळल्यावर गरम हवेची बंदूक जवळ धरून हळूहळू सरकवा. हिरवट-पिवळा रंग एकदम तांबूस तपकिरी होतो तिथे थांबा. लाकूड करपू देऊ नका. सगळीकडे रंग उठला की सोड्याच्या पाण्याने धुवा. हे राहिले तर काही महिन्यांत दस्ता काळवंडतो. आधी दोन-तीनदा ओल्या फडक्याने पुसून उठलेले तंतू खरवडणीने काढलेले असावेत, नाहीतर पृष्ठभाग खरखरीत होतो. तापवताना येणारा तपकिरी धूर विषारी आहे. काम उघड्यावर, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहून करा. अक्रोडावर हे वापरू नका, त्यातल्या टॅनिनमुळे लोखंड दस्ता शाईसारखा काळा करते. अक्रोडाला नुसते उकळलेले जवसाचे तेल, बोटांनी चोळून, पातळ थरांत. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेटतात. पाण्यात भिजवा किंवा पसरून वाळवा.

प्रश्न : नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या पिना बसवताना लाकडाचा कपचा उडाला.

उत्तर : पिनेचे टोक चौकोनी धारेचे होते. दोन्ही टोके घासून गोल करा. छिद्र पाडताना दुसऱ्या बाजूला लाकडी ठोकळा दाबून धरा. पिना १/१६ इंचाच्या पुरतात. पिना ओवायच्या नळीखालच्या लोखंडी तुकड्यांतली छिद्रे मात्र पुढे-मागे लांबट करा, हवेनुसार लांब दस्ता थोडा हलतो आणि गोल छिद्र असेल तर पिन लाकूड ओढून तडा पाडते. कपचा सापडला असेल तर सरसाने परत बसवा. नसेल तर त्याच दस्त्याच्या उरलेल्या फळीतून रेषा जुळवून तुकडा घ्या.

प्रश्न : अशी रायफल बनवायला परवाना लागतो का?

उत्तर : १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे तोंडाने भरायची, काळ्या दारूवर चालणारी आणि तयार काडतूस न घेणारी रायफल 'अँटिक' गटात मोडते, त्यामुळे स्वतःसाठी बनवायला संघीय परवाना लागत नाही. राज्यांचे नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी बरेच कडक. सामान मागवण्याआधी आपल्या राज्याचा कायदा वाचा. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या वाचकांना ही सूट लागू नाही. सोबत शिकायला माणसे हवी असतील तर १९३३ पासून चालणारी नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी मेळे भरवते. टेनेसीत नॉरिसजवळच्या म्युझियम ऑफ ॲपलाचियात जुन्या रायफली बघायला मिळतात. सोबत मोजपट्टी आणि वही ठेवा. मनगटाची जाडी आणि कोमची उंची यांचा अंदाज छायाचित्रावरून येत नाही.